सुकीच्या खोऱ्यातल्या चार रेघा

परवा ऑफिसात तुझी शोकसभा झाली, गोविंदा. साहेबांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. मग हेड ड्राफ्ट्समन दोन शब्द बोलले. त्यातला एक तुझं नाव होतं, आणि तेही त्यांनी चुकीचं घेतलं. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो. आज ते सांगून टाकायचं, असं उठताना पक्कं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं, तर उशी.

हो, तीच. सुकीच्या खोऱ्यात मी घरची कापसाची उशी घेऊन गेलो होतो, ती गोष्ट. वानरानं संत्र्यांची थैली कशी पळवली आणि मी त्याला छत्री उघडून कशी दाखवली. नव्या पंप शूजनी माझे पाय कसे सोलले. निवडुंगावर मी कसा टेकलो आणि काटे काढायला मला तुझ्यापुढे कसं पालथं पडावं लागलं. लोक हसले. चपराशी भिंतीला टेकून डोळे पुसत होता, आणि ते रडणं नव्हतं. तुला आवडलं असतं. मला मात्र घरी येऊन जेवण गेलं नाही.

ही गोष्ट मी लग्नात सांगितली, मुंजीत सांगितली, रेल्वेत अनोळखी लोकांना सांगितली. तू स्वतः समोर बसून वीसेकदा ऐकली असशील. दर वेळी त्यातला गाढव मीच. त्यामुळे लोकांना वाटतं, हा माणूस स्वतःचं काही झाकून ठेवत नाही. एवढ्या चुका आपणहून सांगणाऱ्याला आणखी एक विचारायला कोण जातो? तूही गेला नाहीस.

ती एक राहिली आहे. ती आज लिहितो.

वाट ठरवायला आपण किती दिवस घेतले, आठवतं? होळीची सुट्टी तीन दिवसांची आणि आपलं भांडण तीन आठवड्यांचं. छिंदवाड्याच्या पलीकडे, पठारावरून खाली उतरणारं सुकीचं खोरं. वरच्या गावातून निघायचं आणि खालच्या गावात पोहोचायचं, एवढं दोघांनाही मान्य. तू अमीन, आयुष्यभर साखळी आणि फळी घेऊन जमिनी मोजत फिरलेला. तुझं म्हणणं, डोंगराच्या धारेवरून जायचं. दोन दिवस लागतील, पण वाटेत दोन वस्त्या आहेत, एक विहीर आहे. मी ऑफिसातला नकाशे उतरवून काढणारा. नागपूरच्या बाहेर डोंगर म्हणून रामटेकपुढे काही पाहिलं नव्हतं. माझं म्हणणं, सरळ नदीच्या कोरड्या पात्रातून.

मधल्या सुट्टीत मी त्या खोऱ्याच्या नकाशाचं ट्रेसिंगचं कापड टेबलावर पसरलं आणि दोरा लावून दोन्ही वाटा मोजल्या.

"पात्रातून नऊ इंच. धारेवरून बावीस. सांग आता."

"दोऱ्यानं मोजून राहिला काय गा?" तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणालास. "दोऱ्याले तहान लागत नाही, बाळ्या."

"अरे, नदी हाये ना. हे निळं काय दिसून राहिलं?"

"तिचं नाव काय लिहिलं तूनं?"

"सुकी."

"मंग?"

आजूबाजूचे चौघे हसले. ते नाव मीच लिहिलं होतं, सुंदर तिरक्या अक्षरात. मग मला चेव आला. हे खोरं मी शंभरदा काढलंय, म्हणालो, त्याचं वळण न् वळण मला पाठ आहे. तू म्हणालास, "काढलं असशील. चालला का कधी?" मी म्हणालो, तू तरी कुठे चाललास? खरंच, तू त्या खोऱ्यात उतरला नव्हतास. तिथली मोजणी तुझ्या मुन्शीजींची होती. तुला फळीवर कागद लावायला, दुर्बिणीतून पाहायला, शिसपेन्सिल धारदार ठेवायला ज्यांनी शिकवलं, ते कामठीचे मुन्शीजी. त्यांचं नाव निघालं की तू बसल्या जागी थोडा ताठ व्हायचास.

"उतार कसा हाये?" तू विचारलंस, आणि मला कळलं की तू अर्धा हललास.

मी बोट ठेवलं. हे तुला सांगायची गरज नाही, पण वहिनी हे वाचून घेतील म्हणून लिहितो: डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीच्या रेघा असतात. त्या दूर दूर असल्या की उतार सोपा, जवळ आल्या की उभा, आणि एकमेकींना चिकटल्या की कडा. मी दाखवलं ते हे, की रेघांमध्ये चांगली मोकळी जागा आहे. कुठेही चिकटलेल्या नाहीत. बैल उतरेल असा उतार.

तू कापड उचलून उजेडाला धरलंस. बराच वेळ पाहिलंस.

"मुन्शीजीचं शीट हाये, नाही?"

"त्याहीचंच."

"अन् तुया हातचा हाये?"

"माह्या हातचा."

"मंग चाल," तू म्हणालास.

इतकंच. तीन आठवड्यांचं भांडण एका वाक्यात सोडून दिलंस. मी त्या दिवशी संध्याकाळी सीताबर्डीवरून घरी जाताना शीळ घालत होतो. आपला युक्तिवाद तुला पटला, असं मला वाटत होतं. युक्तिवाद तुला मुळीच पटला नव्हता. तू दोन माणसांच्या हातावर विश्वास ठेवला होतास. एक मुन्शीजींचा आणि एक माझा.

इतवारीहून छोटी गाडी, पुढे लारी, पुढे पायी. सकाळी आपण खोऱ्याच्या तोंडाशी उभे होतो. फाल्गुन होता, मोह गळत होता, आणि ती गोंड बाई टोपलीत फुलं वेचत होती. तू तिला वाट विचारलीस. मी नकाशा असताना वाट विचारायची गरज काय, अशा चेहऱ्यानं छत्री फिरवत उभा.

"नीचे रस्ता नहीं है, बाबू," ती म्हणाली. "उधर पानी गिरता है."

"पाहा," मी म्हणालो, "पाणी हाये म्हणते."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की आजही आठवलं तरी कान गरम होतात. "बाळ्या, पानी गिरता है म्हणजे धबधबा. पावसात पडत असन. आता फागुन हाये." मग तू पुन्हा कापड उलगडलंस. एकीकडे ती बाई, तिचा जन्म तिथे गेलेला. दुसरीकडे आपलं कापड. "इथं तर कडा नाही," तू स्वतःशीच म्हणालास. एकदा तिच्याकडे पाहिलंस, एकदा रेघांकडे, आणि कापडाची घडी घालून खाली उतरायला लागलास. पाणी किती, तर तुझ्या खांद्यावर एक कापडी छागल आणि माझ्याकडे फिरकीचा तांब्या. आणि संत्री, ज्यांतली अर्धी मी गाडीतच खाल्ली होती.

पुढचं लोकांना मी मोठ्या रंगात सांगतो. तांबूस दगडाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती, वर आभाळाची पट्टी धोतराच्या काठाएवढी, खाली वाळू अशी तापलेली की वळकटी टाकून बसावं. डबकी होती, पण त्यांत भेगा पडलेला चिखल. ते सगळं खरं आहे. वानरही खरं आहे. फक्त लोकांना सांगताना मी खोऱ्याचं शेवटचं वळण लवकर उरकतो.

त्या वळणावर नदी संपली. म्हणजे संपली नाही, नुसती खाली गेली. तू पुढे होतास. हात मागे करून मला थांबवलंस. मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं. विहिरी मोजतात तसं मोजलं तर तीस पुरुष तरी खोल, सरळ. खाली खालच्या गावचे शेंदूर फासलेले देव दिसत होते, आपल्याला न्यायला सांगून ठेवलेली बैलगाडी उभी दिसत होती, बैल सोडून गाडीवान सावलीत पडलेला. मी हाक मारली. घशातून आवाजच आला नाही.

तू खाली बसलास. कापड मांडीवर पसरलंस. बोट ठेवून ठेवून रेघा मोजल्यास. मग हळू म्हणालास, "मुन्शीजी इथं उतरलेच नसतीन. वरूनच पाहून काढलं त्याहीनं."

मला ते पटलं. तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं, गोविंदा. एवढं तरी मान. तेव्हाची माझी चूक फक्त मूर्खाची होती.

परत चढताना तांब्यातलं शेवटचं पाणी तू मला दिलंस. "तू पी. तुयं बोलणं बंद झालं तं मले भेव वाटते," म्हणालास. मी प्यायलो. मोठ्या शिळेवरून मला वर ओढताना तुझ्या एका हातात मी होतो आणि दुसऱ्या काखेत माझी उशी, कारण ती फेकून द्यायला मी तयार नव्हतो. बायकोनं भरलेली होती. तिथेच तुझा पाय सरकला. गुडघ्यातून आवाज आला तो मी ऐकला. तू काही ओरडला नाहीस, फक्त म्हणालास, "उशी धर." मग पाच मैल काठीवर. वर मोहाखाली तीच बाई होती. तिनं गाडग्यातलं पाणी ओंजळीत ओतलं, आधी तुझ्या, मग माझ्या. हसली असती तर बरं वाटलं असतं.

तो गुडघा पुन्हा नीट झाला नाही. तुझं फिरतीचं काम गेलं. माझ्या शेजारच्या टेबलावर तुला बसवलं, आणि मी, खोटं कशाला सांगू, त्याचा आनंदच मानला. रोज मधल्या सुट्टीत गप्पा मारायला हक्काचा माणूस मिळाला. तुला मात्र खिडकीजवळची जागा हवी असायची. पाऊस उघडला की तू पेन खाली ठेवून बाहेर पाहत बसायचास. मी विचारलं की म्हणायचास, "काही नाही. आता रान चालण्यासारखं झालं असन."

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी मुन्शीजींचं मूळ शीट कपाटातून काढलं. माझ्या कापडाखाली ठेवलं आणि काचेवर उजेडाला धरलं. शेवटच्या वळणावर मुन्शीजींच्या रेघा होत्या सात. सातही एकमेकींना चिकटलेल्या, केसाच्या जुडग्यासारख्या. म्हातारा खाली उतरला होता. नीट उतरला होता, आणि जे होतं ते काढून ठेवलं होतं. माझ्या कापडावर रेघा तीन. मोकळ्या, सुबक.

मग आठवलं. हेड ड्राफ्ट्समन आम्हाला पहिल्या महिन्यातच सांगत: गर्दी होते तिथे मधल्या रेघा गाळा, नाहीतर शाई फुटते, कापड खराब होतं. सगळेच गाळत. मीही गाळल्या, चार. आणि उरलेल्या तीन चांगल्या दिसाव्यात म्हणून जरा पांगवल्या. काम तपासताना साहेबांनी "क्लीन वर्क" म्हटलं होतं. तो कडा मीच माझ्या हातानं पुसला होता, मग विसरलो होतो, आणि मग त्याच कापडावर बोट ठेवून तुला उतार दाखवला होता.

त्याच दुपारी तू काठी टेकत आलास. गुडघ्याला तेलाची पट्टी.

"मूळ शीट पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"मंग?"

आणि मी म्हणालो, "तसंच हाये."

एवढेच दोन शब्द. का म्हणालो, याचा विचार मी नंतर वर्षानुवर्षं केला. ऑफिसात नाव जाईल म्हणून? तुझा पाय माझ्यामुळे गेला हे तुझ्या तोंडावर ऐकायची हिंमत नव्हती म्हणून? ही दोन्ही कारणं जरा भारदस्त आहेत. खरं कारण असं वाटतं, की तू विचारलंस आणि मला पटकन सुटायचं होतं. गर्दी झाली होती, मी रेघ गाळली.

तू मान हलवलीस. "मले वाटलंच," म्हणालास. आणि तुझ्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. मला वाटलं, चला, मिटलं. पण जे उतरलं ते मुन्शीजी होते.

त्या वर्षी दसऱ्याला तू कामठीला सोनं द्यायला गेला नाहीस. तोवर एक दसरा चुकवला नव्हतास. आपट्याची पानं खिशात, सकाळची गाडी, मुन्शीजींच्या पाया पडणं, त्यांच्याकडची जिलेबी. "पाय दुखून राहिला," म्हणालास. पुढच्या वर्षी कारणही दिलं नाहीस. तिसऱ्या वर्षी मी कामानिमित्त कामठीला गेलो तेव्हा मुन्शीजी मला बाजारात भेटले. डोळ्यांनी कमी दिसत होतं, तरी आवाजावरून ओळखलं.

"गोविंद हमसे नाराज है क्या, भैया?"

"नाही जी, त्याचा गुडघा..." मी म्हणालो, आणि त्यांना वानराची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. मला म्हणाले, "उसको बोलना, बस में बैठ के आ जाए. हम स्टैंड पे आ जाएँगे." हा निरोप मी तुला दिला. तू शिसपेन्सिलीला टोक काढत होतास. म्हणालास, "माणूस चांगला हाये. पण शीट खोटं काढलं त्यानं. आमच्या धंद्यात त्याच्यापुढं काही उरत नाही." ते वारले तेव्हाही तू गेला नाहीस. त्या दिवशी डबा उघडला नाहीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून माझा संपवला.

माणसांसमोर मात्र तू माझी बाजू घ्यायचास. "बाळ्याचा नकाशा बरोबर होता," म्हणायचास. "मूळच खोटं, तो काय करन?" मी खाली पाहत असे. लोकांना तो विनय वाटे.

आता तुझ्या शेवटच्या तापाचं. तू गेलास त्याच्या आधीच्या बुधवारी दुपारी मी आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. हात इतका हलका झाला होता की हातात घेतल्यावर मला कळेना, कुठे ठेवावा.

"बाळ्या," म्हणालास, "बरा झालो की एकदा जाऊ. या खेपी धारेवरून."

"धारेवरून तं धारेवरून."

"उशी नको आणू."

वहिनी दारातून म्हणाल्या, "हसवा त्याहीले. औषधापरीस तेच बरं." मग तू छताकडे पाहत म्हणालास, "मुन्शीजीकडं एकदा जायले पाह्यजे होतं गा. शीट खोटं काढलं म्हणून काय झालं. हात धरून शिकवलं होतं त्यानं."

याहून मोठं दार माणसासाठी कोण उघडून ठेवतं? मी त्यातून आत यायचं सोडून पुन्हा वानर काढलं. छत्रीसकट. तू हसलास, मग खोकलास, मग दमून डोळे मिटलेस. मी रविवारी येतो म्हणून उठलो.

आणि रविवारी मी आलो, गोविंदा. रिकामा नाही आलो. शनिवारी ऑफिसातून मुन्शीजींचं मूळ शीट आणि माझं कापड, दोन्हींची एक गुंडाळी करून घरी नेली होती. तुला दाखवायचं, खिडकीच्या उजेडाला धरायचं, तू स्वतः रेघा मोजशील, मग जे म्हणशील ते ऐकायचं. वाटभर शब्द जुळवत होतो. तुमच्या गल्लीच्या वळणावर आलो तर दारात बांबू पडलेले, माणसं बसलेली. मी तिथेच उभा राहिलो, काखेत गुंडाळी. वहिनींचे भाऊ पुढे आले. "खांदा द्या तुमी. हे काय हाये?" म्हणाले. मी म्हणालो, "ऑफिसचं." त्यांनी ती माझ्या काखेतून काढून घेतली आणि तुझ्या काठीशेजारी कोपऱ्यात उभी करून ठेवली.

तुला नेताना खांदे बदलत होते. मी बदलू दिला नाही. त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं.

दहाव्याला गुंडाळी न्यायला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. सात रेघा, तीन रेघा, तसंच हाये. त्यांनी डाळ निवडणं थांबवलं नाही. माझं सांगून संपलं तरी बराच वेळ निवडत होत्या. त्या रडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील, या दोहोंची मी तयारी करून गेलो होतो.

"मुन्शीजीच्या घरी आता कोण हाये?" त्यांनी विचारलं.

"मुलगी असते. कामठीलेच."

"मंग तिच्याकडं जा. मले सांगून काय करता? मले काय तो कडा मोजता येते?" आणि मग, खालीच पाहत: "त्याहीच्या दर दसऱ्याच्या पानाची पुडी मी बांधून देत होती. मलेही वाटलं, म्हातारा खोटा निघाला."

दसऱ्याला महिना आहे. तू नाहीस, मुन्शीजी नाहीत. खरं सांगायला मी इतका उशीर केला की ऐकायचा हक्क ज्यांचा, ते दोघेही उठून गेले. मुलीला हे पोहोचवून म्हाताऱ्याची तुझ्याशी गाठ पडणार नाही. तरी जाईन. आपट्याची पानं वहिनी देणार आहेत, तुझ्या नावाची.

आणि ते कापडही नेणार आहे. काल ते टेबलावर पसरलं, खाली मुन्शीजींचं शीट ठेवलं, आणि गाळलेल्या चारही रेघा काढल्या. हेड ड्राफ्ट्समन सांगत ते खरं होतं. तिसऱ्या रेघेला शाई फुटली. चौथी काढेपर्यंत त्या वळणावर बोटाएवढा काळा फराटा झाला. आजवरच्या नोकरीत इतकं घाण काम माझ्या हातून उतरलं नव्हतं. पण आता तिथं कडा आहे. कोणी हे कापड उजेडाला धरलं तर थांबेल.

मी ते वाळेपर्यंत बसून होतो. तुझी खिडकीजवळची खुर्ची अजून कोणी घेतलेली नाही. आता तू कापड उचलशील, बराच वेळ पाहशील आणि त्या मधल्या सुट्टीतलंच पुन्हा विचारशील, असं वाटत राहिलं.

हो गा. माह्याच हातचा हाये.